जागतिक शास्त्रपरिषदांतील विचारमंथन व शेतकऱ्याची जागा

निरनिराळ्या देशांतील शेतकी शास्त्रज्ञ कोठें तरी एकत्र जमले, आठवडाभर त्यांचें संमेलन चाललें, आणि शेवटीं ठराव होऊन मंडळी आपापल्या देशीं परतली, अशा बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार येतात. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकजण त्या पाहून पान उलटतात, व त्यांत त्यांचा दोष आहे असें आम्हांस वाटत नाहीं. दिल्लीस किंवा बर्लिनास हजार विद्वान जमले म्हणून आपल्या तुरीवरील मर थांबत नाहीं, कीं बाजारसमितींतील भाव चढत नाहीं. परंतु पान उलटण्यापूर्वीं एका गोष्टीचा विचार व्हावा, अशी आमची विनंति आहे. पुढील दहापंधरा वर्षें कोणत्या पिकावर, कोणत्या रोगावर व कसल्या जमिनीसाठीं संशोधन व्हावयाचें, याचें बीज पुष्कळदां अशाच ठिकाणीं पडतें. आणि तेंहि मोठ्या सभागृहांतील व्याख्यानांत नव्हे, तर बाजूच्या लहान खोलींत आठदहा माणसें डोक्याला डोकें लावून बसतात तेथें. या बैठकीला हल्लीं सर्वत्र ‘विचारमंथन’ म्हणतात. तें कसें भरवावें आणि त्यांत कोणास बसवावें, याविषयीं आम्ही आज लिहीत आहों.

लहान खोलींतील बोलण्यास केवढें फळ येतें याचें उदाहरण आपल्याच शेतांत उभें आहे. १९६९ च्या एप्रिल महिन्यांत इटलींतील बेलाजिओ या सरोवराकाठच्या गांवीं परदेशांस मदत देणाऱ्या संस्थांचे मोजके प्रमुख बसले होते. त्या वेळीं भातासाठीं फिलिपाईन्स देशांत १९६० पासून व गहूं-मक्यासाठीं मेक्सिकोंत १९६६ पासून आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्था चालू होत्या. ज्वारी, बाजरी, तूर व हरभरा यांवर जगणाऱ्या कोरडवाहू मुलुखाची मात्र अशी संस्था नव्हती. बेलाजिओस जो विचार सुरू झाला त्यांतून १९७१ सालीं जगांतील शेतकी संशोधनासाठीं सल्लागार मंडळ उभें राहिलें, आणि त्या मंडळानें नव्यानें काढलेली पहिली संस्था म्हणजे हैदराबादेजवळ पाटणचेरू येथें १९७२ सालीं निघालेली ‘इक्रिसॅट’. मर व वांझ या दोन्ही रोगांस तोंड देणारी ‘आशा’ ही तूर, जिला शास्त्रज्ञ आय. सी. पी. एल. ८७११९ म्हणतात, ती याच संस्थेच्या कामांतून १९९३ सालीं प्रसारित झाली. बेलाजिओपासून ‘आशा’पर्यंत चोवीस वर्षें गेलीं. ती पहिली बैठक संस्थाप्रमुखांची होती. तुरीच्या शेतकऱ्यास तेथें बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या पिकांची आठवण कोणास तरी झाली हें आमचें भाग्य. पण आपल्या पोटाचा प्रश्न दुसऱ्याच्या आठवणीवर सोडून देणें हा कांहीं व्यवहार नव्हे.

शेतकी अर्थशास्त्रज्ञांची जी जागतिक परिषद आहे, तिचा तर आपल्या देशाशीं जुना ऋणानुबंध आहे. लिओनार्ड एल्महर्स्ट या इंग्रज गृहस्थानें रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून बंगालमध्यें सुरूल येथें १९२२ सालीं ग्रामसुधारणेचें केंद्र उभारण्यास हात लावला; आणि पुढें १९२९ सालीं इंग्लंडांत डार्टिंग्टन हॉल या आपल्या वास्तूंत त्यानेंच ही परिषद प्रथम भरविली. तिची दहावी बैठक १९५८ सालीं म्हैसूर येथें झाली व तिचें यजमानपण मुंबईस १९३९ सालीं स्थापन झालेल्या भारतीय कृषि-अर्थशास्त्र संस्थेकडे होतें. त्यानंतर तब्बल ६६ वर्षांनीं, २०२४ च्या ऑगस्टांत, बत्तिसावी परिषद नवी दिल्लीस भरली व तींत सुमारें एक हजार प्रतिनिधि होते. डार्टिंग्टनला सारे पाहुणे एकाच घरांत उतरूं शकत होते. आतां हजारांची उतारपेठ झाली आहे. संख्या वाढली हें चांगलेंच. पण हजार माणसांनीं एकत्र विचार करणें शक्य नाहीं, त्यांनीं फक्त ऐकतां येतें. म्हणूनच लहान मंडळ्यांच्या बैठकींचें महत्त्व परिषद वाढते त्या प्रमाणांत वाढतें.

आतां या बैठकी सामान्यतः कशा होतात तें पहा. कार्यक्रमपत्रिकेंत दीड तासाचें विचारमंथन छापलेलें असतें. खोलींत चाळीस-पन्नास खुर्च्या ओळीनें मांडलेल्या असतात व पुढें एक मेज असतें. पहिलीं वीस मिनिटें स्वागत व आभार यांत जातात. मग मंडळींतील सर्वांत वडीलधारे गृहस्थ आपलें मत सांगतात, आणि तें सांगून झाल्यावर त्याहून वेगळें मत असलेला तरुण आपली वही मिटून ठेवतो. ज्यांची इंग्रजी अस्खलित आहे त्यांचाच आवाज उरलेल्या वेळांत ऐकूं येतो. शेवटीं वेळ संपली असें जाहीर होतें व चहाची घंटा होते. अहवालांत मात्र ‘सखोल चर्चा झाली’ असें वाक्य येतेंच. (हें वर्णन वाचून एखाद्या वाचकास आपल्या तालुक्याची शेतकी सभा आठवली तर आमचा इलाज नाहीं.)

विचारमंथनाची ही कल्पना ज्यानें शास्त्र म्हणून मांडली तो शास्त्रज्ञ नव्हताच. ॲलेक्स ऑस्बर्न हा अमेरिकेंतील जाहिरातीच्या धंद्यांतला मनुष्य. १९४८ व १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांतून त्यानें आपले नियम सांगितले: बैठक चालू असतां कोणाच्या कल्पनेवर टीका करूं नये, कल्पना कितीहि विचित्र असली तरी बोलून दाखवावी, संख्येनें जितक्या निघतील तितक्या काढाव्या, व दुसऱ्याच्या कल्पनेंत आपली भर घालावी. असें केल्यास एकट्या मनुष्याला जितक्या कल्पना सुचतात त्याच्या दुप्पट मंडळींत बसून सुचतात, असा त्याचा दावा होता. ही गोष्ट कानाला गोड लागते. ‘पांचामुखीं परमेश्वर’ म्हणणाऱ्या आम्हां लोकांना तर ती लगेच पटते.

परंतु १९५८ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठांत टेलर, बेरी व ब्लॉक या तिघांनीं तिची परीक्षा घेतली. त्यांनीं कांहीं विद्यार्थ्यांस चौघाचौघांच्या मंडळींत बसविलें व दुसऱ्या कांहींना एकेकटें बसविलें. एकेकट्यांच्या कल्पना मागाहून चौघाचौघांच्या नांवावर एकत्र केल्या, आणि एकच कल्पना दोघांना सुचली असेल तर ती एकदांच मोजली. निकाल उलटा निघाला. एकेकटे बसलेल्यांच्या कल्पना एकत्र बसलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट भरल्या! पुढें १९८७ सालीं जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें डील व श्ट्रोब यांनीं याचें कारण शोधलें. लोक काय म्हणतील ही भीति थोडी असते, दुसरा करील म्हणून अंग चोरणेंहि थोडें असतें. पण सर्वांत मोठें कारण अगदीं साधें आहे. एका वेळीं एकानेंच बोलावयाचें असल्यामुळें बाकीचे थांबून राहतात, आणि थांबतां थांबतां सुचलेलें विसरतात किंवा पुढचें सुचेनासें होतें. सामाईक विहिरीवर चौघांच्या पाळ्या असल्या म्हणजे आपली पाळी येईपर्यंत पाणी विहिरींत तरी राहतें. कल्पना तशी राहत नाहीं. पाळी येईतों ती आटून जाते.

यावरून बैठकीच नकोत असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. पांचामुखीं परमेश्वर हें निवाड्याच्या बाबतींत खरेंच आहे. पेरणीची वेळ निराळी व मळणीची निराळी, इतकेंच या प्रयोगांतून शिकावयाचें. कल्पना एकट्यानें काढाव्या व त्यांची पारख सर्वांनीं मिळून करावी. अमेरिकेंतील डेलबेक व व्हॅन डी व्हेन यांनीं १९७१ सालीं हीच रीत बांधून दिली. प्रथम प्रश्न वाचून दाखवावयाचा, मग दहापंधरा मिनिटें कोणीहि न बोलतां प्रत्येकानें आपले मुद्दे कागदावर लिहावयाचे. नंतर ओळीनें प्रत्येकानें एकच मुद्दा सांगावयाचा, व सर्वांचे कागद संपेपर्यंत फेऱ्या चालू ठेवावयाच्या. सगळे मुद्दे फळ्यावर आले म्हणजे त्यांचा अर्थ स्पष्ट करून घ्यावयाचा, आणि शेवटीं प्रत्येकानें गुप्तपणें क्रम लावून द्यावयाचा. या रीतींत वडीलधाऱ्यांचा मान कोठेंहि दुखावत नाहीं, आणि कोपऱ्यांत बसलेल्या तरुणाचा मुद्दाहि बुडत नाहीं.

याहून मोठ्या प्रमाणावर जें काम बर्लिन शहरांत झालें तें आम्हांस विशेष अनुकरणीय वाटतें. १९७४ सालीं सिल्के बर्नहार्ड या बाईंच्या पुढाकारानें तेथें ‘डालेम परिषदा’ सुरू झाल्या. निरनिराळ्या देशांचे सुमारें चाळीस शास्त्रज्ञ पांच दिवसांकरितां बोलावीत, पण व्याख्यान एकहि ठेवीत नसत. जें वाचावयाचें तें लेखरूपानें आधींच घरपोंच केलेलें असे. आल्यावर चाळिसांचे चार गट पाडीत. प्रत्येक गटाला एक चालक व एक टिपणकार असे. आणि आपल्याला काय ठाऊक आहे हें सांगण्यापेक्षां काय ठाऊक नाहीं हें सांगण्यावर भर असे. टिपणकार रात्रीं बसून गटाचा अहवाल लिही, व शेवटच्या दिवशीं तो सर्वांपुढें येई. आपल्याला काय ठाऊक नाहीं हें चारचौघांत बोलावयाचें म्हणजे विद्वानास केवढें जड जातें, हें सांगावयास नको. तें सुलभ व्हावें म्हणून अमेरिकेंत नील गॉर्डन यांनीं १९३१ सालीं सुरू केलेल्या परिषदांत आणखी एक नियम आहे: तेथें बोललेलें बाहेर कोणी कोणाच्या नांवावर सांगावयाचें नाहीं. आपल्याकडे प्रत्येक बैठकीचें छायाचित्र घेण्याची जी घाई असते, तिच्याशीं हा नियम ताडून पाहण्यासारखा आहे.

ऑस्बर्नच्या एका नियमाबद्दल मात्र आमचें मत निराळें आहे. टीका करूंच नये, हा नियम आपल्या लोकांना फार आवडेल, कारण तोंडावर विरोध न करणें ही आपली जुनीच संवय. परंतु २००४ सालीं चार्लान नेमेथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिका व फ्रान्स या दोन देशांत प्रयोग करून पाहिले, तेव्हां ज्या गटांना वाद घाला, टीकाहि करा असें सांगितलें होतें, त्यांना ‘टीका करूं नका’ असें सांगितलेल्या गटांपेक्षां कमी कांहीं सुचलें नाहीं, उलट जास्तच सुचलें. म्हणून टीका असावी. ती मुद्द्यावर असावी व मुद्दे सगळे फळ्यावर आल्यानंतर असावी. हें संभाळण्याचें काम चालकाचें. पांझरेच्या कांठच्या फडबागायतींत पाटकरी ज्याप्रमाणें कोणाच्या वाफ्यांत किती पाणी जातें हें पाहतो, त्याप्रमाणें कोणाच्या वाट्यास किती वेळ गेला हें त्यानें पाहावें, व स्वतःचें मत खिशांत ठेवावें. असा चालक सांपडणें कठीण असतें; परिषदेच्या चालकांनीं इतर कोणत्याहि खर्चापेक्षां त्याच्या निवडीवर व तयारीवर जास्त खर्च करावा.

येथवर बैठक कशी चालावी हें झालें. पण रीत कितीहि चांगली असली तरी खोलींत जीं डोकीं असतील त्यांतलेंच निघणार. २०१० सालीं ज्यूल्स प्रेटी व त्यांच्या अनेक देशांतील सहकाऱ्यांनीं जगाच्या शेतीपुढील महत्त्वाचे शंभर प्रश्न प्रसिद्ध केले. सहाशेंहून अधिक प्रश्न गोळा करून त्यांतून ते शंभर निवडले होते. काम मोलाचें आहे व पद्धतशीर आहे. परंतु प्रश्न देणारे व निवडणारे हे मोठमोठ्या संस्थांतील व विद्यापीठांतील तज्ज्ञ होते. तज्ज्ञाचा प्रश्न व भोगणाऱ्याचा प्रश्न एकच असतो असें धरून चालतां येत नाहीं, हें वैद्यकशास्त्रांत सिद्ध झालेलें आहे. गुडघेदुखीच्या संधिवातावर कसलें संशोधन चाललें आहे, व तोच रोग असलेल्या माणसांना कसलें संशोधन हवें आहे, याची तुलना २००० सालीं ‘लॅन्सेट’ या इंग्लंडांतील वैद्यक नियतकालिकांत आली. संशोधनाचा बहुतेक भर औषधें व शस्त्रक्रिया यांवर होता. रोग्यांना मात्र दुखणें संभाळून दिवस कसा काढावा, व्यायाम कोणता करावा, याची माहिती अधिक हवी होती. पुढें २००४ सालीं त्या देशांत जेम्स लिंड यांच्या नांवानें एक योजना निघाली. तींत रोगी, त्यांची शुश्रूषा करणारी माणसें व डॉक्टर एकाच मेजाभोंवतीं बसतात, आणि त्या रोगासंबंधीं संशोधनाचे पहिले दहा प्रश्न मिळून ठरवितात.

रोग्यास जर डॉक्टरांशेजारीं खुर्ची मिळते, तर शेतकऱ्यास शेतकी शास्त्रज्ञांशेजारीं ती कां मिळूं नये, हा आमचा सवाल आहे. शेतकरी बोलावला जात नाहीं असें नव्हे. त्याला बोलावतात, फेटा बांधतात, नारळ देतात आणि पहिल्या रांगेंत बसवितात. उद्घाटन झालें कीं त्याची गाडी परत निघते. खरें काम दुसऱ्या दिवशीं सकाळीं दार लावून सुरू होतें, तेव्हां तो घरीं पोंचलेला असतो. आम्हांस फेटा नको, दुसऱ्या दिवशींची खुर्ची हवी.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, शास्त्रीय चर्चेंत शेतकऱ्यास काय कळणार? चंद्रपूर जिल्ह्यांतील नांदेड या खेड्याचे दादाजी खोब्रागडे थोड्याशा जमिनीचे धनी होते. ‘पटेल ३’ या भातांत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनीं बाजूला राखल्या, त्या वर्षानुवर्षें निवडीत नेल्या, आणि त्यांतून ‘एचएमटी’ हा तांदूळ निघाला. २०१८ सालीं ते वारले; त्यांचा तांदूळ घरोघर शिजत आहे. निवडीचें शास्त्र त्यांना कोणी शिकविलें नव्हतें. प्रयोग कसा मांडावा हें शास्त्रज्ञास अधिक कळतें, हें आम्ही निर्विवाद मानतों. पण काय शोधावें या प्रश्नांत ज्याच्या बांधावर नुकसान होतें त्याच्याकडे जी माहिती आहे, ती दुसऱ्या कोणाकडे नाहीं. कापसाच्या वेचणीला माणूस मिळत नाहीं, पेरणीनंतर बावीस दिवस पावसानें दडी मारली तर दुबार पेरणीचें बियाणें कोठून आणावें, ज्वारी काढल्यावर कडब्याला भाव काय आला, या गोष्टी प्रयोगक्षेत्रावर दिसत नाहींत.

दुसरा आक्षेप भाषेचा, व तो खरा आहे. परंतु वर सांगितलेल्या लेखी रीतीनें तो बराच सुटतो. मुद्दा मराठींत लिहावा, तेलुगूंत लिहावा किंवा स्वाहिलींत लिहावा. भाषांतरकारानें तो वाचून फळ्यावर घ्यावा. बोलतांना जो अडखळतो तो लिहितांना अडखळेलच असें नाहीं, आणि ज्याला लिहितां येत नाहीं त्याचा मुद्दा शेजाऱ्यानें लिहून द्यावा. मात्र दहांच्या गटांत एकच शेतकरी बसवूं नये. एकटा मनुष्य बुजतो व मान हलवून मोकळा होतो. निदान तिघे असावेत, आणि त्यांत शेत स्वतः करणारी एक तरी बाई असावी, कारण निंदणीचें व बियाणें राखण्याचें ज्ञान बहुधा तिच्याकडे असतें. त्यांचा रोजगार बुडतो त्याची भरपाईहि परिषदेनें केली पाहिजे. विद्वानांच्या प्रवासखर्चाची तरतूद असते; त्यांचे पगारहि चालू असतात. शेतकऱ्याचे चार दिवस मात्र सुगींतून वजा होतात. परिषदेची तारीख ठरवितांना कोणी आमच्या मृगाकडे किंवा काढणीकडे पाहिलें आहे असें अद्याप दिसलें नाहीं.

आतां आमच्या बाजूचें. उद्यां खरोखरच बोलावणें आलें, तर आपण तेथें काय घेऊन जाणार? ‘शेतीमालाला भाव नाहीं’ व ‘सरकार लक्ष देत नाहीं’ हीं वाक्यें खरीं असलीं तरी त्यांवर कोणत्याहि शास्त्रज्ञास उद्यां सकाळीं काम सुरू करतां येत नाहीं. प्रश्न असा पाहिजे कीं, तो ऐकून समोरच्यानें वही उघडावी. अमुक खोलीच्या जमिनींत, अमुक तारखेस पेरलेल्या तुरीला, फुलोऱ्याच्या वेळीं तीन दिवस ढगाळ हवा राहिली तर फूल किती गळतें, व तें वाणागणिक कमीजास्त होतें कां. असा प्रश्न ज्याच्याजवळ तीन वर्षांच्या नोंदींसह असेल त्याला कोणीहि खोलीबाहेर ठेवूं शकणार नाहीं. अशा नोंदी आपल्यापैकीं किती जण ठेवतात? पावसाचे दिवस व पेरणीची तारीख एवढें तरी वहींत लिहून ठेवणारा शेतकरी गांवोगांव एखादा आहे, आणि त्याची वही बहुधा कोणी मागितलेलीच नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी आहे. शेतकी अर्थशास्त्रज्ञांची जागतिक परिषद तीन-तीन वर्षांनीं भरत असते. पिकावार व विषयवार अशा दुसऱ्याहि परिषदा होतात. त्यांची वाट न पाहतां आपल्या संघाच्या शाखांनीं येत्या उन्हाळ्यांत, मृगापूर्वीं, दहादहा जणांच्या बैठकी वरील रीतीनें भरवाव्या: अध्यक्षांनीं शेवटीं बोलावें, आधीं पंधरा मिनिटें सर्वांनीं लिहावें, आणि निवडलेले पहिले पांच प्रश्न आमच्याकडे पाठवावे. प्रश्न विचारणाऱ्याचें नांव छापलें जाणार नाहीं. गांव, जमिनीचा प्रकार व पीक तेवढें कळवावें. जे येतील ते आम्ही या मासिकांत छापूं, व राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषि विद्यापीठांकडे इंग्रजी भाषांतरासह रवाना करूं. बैठकीसाठीं मंडप नको, हार नको. एक फळा, खडू, कोरे कागद आणि ज्याला गप्प राहतां येतें असा एक चालक एवढें सामान पुरे आहे.